हादरा कुणाला बसतो? : जीप, कमानपाटे आणि शॉकअप यांचा इतिहास

(वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांना मी विषय कळवला तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारलं, "सर, शॉकअप म्हणजे गाडीचे?" म्हटलं, हो, गाडीचेच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गॅरेजमधल्या वस्तूवर तासभर बोलावं, हे तुम्हाला विचित्र वाटत असेल. पण याला घरगुती कारण आहे. माझ्या थोरल्या भावाची, आमच्या दादाची, एक जुनी जीप वाडीत उभी आहे. महिंद्राची एमएम ५४०. दादा आता नाही. पुतण्याला ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे आणि चारही शॉकअप बदलायचे आहेत. कुठले घ्यावेत यावर घरात दोन महिने वाद चालला. त्या वादातून मी वाचायला लागलो, आणि असं लक्षात आलं की या एका नळकांड्यात पुष्कळ इतिहास भरलेला आहे. आपल्या वसईचाही आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करू. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्या मोहिमेची रसद, दारूगोळा वाहणाऱ्या गाड्या कशा असतील याचा विचार मात्र आपण करत नाही. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे आस, आणि आसावर थेट गाडीचा साटा. मधे काही नाही. चाकाखाली दगड आला की तो धक्का जसाच्या तसा वर. ही रचना आपल्याकडे अगदी परवापरवापर्यंत होती. आगाशी, बोळींजच्या वाड्यांतून माल विरार स्टेशनला जायचा तो अशाच गाड्यांतून. १८६७ सालापासून विरारहून मुंबईला गाडी जाते, त्यामुळे आपला भाजीवाला, केळीवाला मुंबईच्या बाजाराशी फार लवकर जोडला गेला. पण वाडी ते स्टेशन हा टप्पा बैलगाडीचाच. आणि केळं हे फार प्रामाणिक फळ आहे. त्याला बसलेला प्रत्येक हादरा ते सालीवर काळा डाग म्हणून लिहून ठेवतं. म्हणून घडाखाली पेंढा, सुकी पानं घालायची. माणसांनी स्वतःच्या पाठीसाठी काही करण्याआधी केळ्यांसाठी केलं, असं म्हटलं तरी चालेल.

टांग्याला मात्र कमानी होत्या. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून वाकवलेल्या, म्हणजे आपले कमानपाटे. युरोपातल्या बग्ग्यांवर असे पाटे आधीपासून होते. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबेडाया इलियट या गृहस्थाने लंबगोल आकाराच्या कमानींचं पेटंट घेतलं आणि हलक्या, सुखकर बग्ग्यांचा जमाना सुरू झाला. तेच तंत्र पुढे मोटारीत आलं.

इथे एक मिनिट मला माझ्या विषयाकडे जाऊ द्या. वैशेषिक दर्शनात 'संस्कार' नावाचा एक गुण सांगितला आहे. त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणातला. भावना म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा, ज्यातून स्मरण होतं. आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पुन्हा मूळ स्थितीला जाते तो गुण. तर्कसंग्रहात त्याला उदाहरण चटईचं दिलेलं आहे. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'स्थितिस्थापकता' हा शब्द त्याच घराण्यातला. मला नेहमी गंमत वाटते, की त्या लोकांनी स्मरण आणि स्प्रिंग यांना एकाच वर्गात बसवलं. कमान काय करते? धक्का लक्षात ठेवते आणि परत करते.

आणि अडचण तिथेच आहे. खड्डा एक असतो, पण कमान तो पाच वेळा परत करते. गाडी खड्ड्यातून पुढे निघून गेली तरी वरखाली डुलतच राहते. बैलाच्या वेगाला हे चालून जातं. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरला नाही चालत, कारण डुलताना चाक जमिनीवरून उचललं जातं. आणि उचललेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते वळतं. म्हणजे प्रश्न नुसता आरामाचा राहत नाही, जिवाचा होतो.

मग धक्का विसरायला लावणारं काहीतरी हवं. कमानपाटे एकमेकांवर घासतात, त्यातून थोडं विसरणं आपोआप होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाची कल्पना अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने बाजारात आणली. दोन दांडे, मधे घासणाऱ्या चकत्या. नंतर मॉरिस हूडाय याने तेल वापरलं. फोर्डच्या मॉडेल ए या गाडीला, १९२७ च्या सुमारास, हूडायचे तेलाचे शॉकअप होते. त्याआधीच्या प्रसिद्ध मॉडेल टी ला कंपनीकडून शॉकअप येतच नसत. पुढे आपल्याला माहीत असलेली दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी नळी आली.

तिचं काम कसं चालतं, ते सोप्या शब्दांत सांगतो. नळीत तेल. तेलात दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. चाक वर गेलं की दट्ट्या खाली दाबला जातो, तेलाला त्या भोकांतून घुसून पलीकडे जावं लागतं. हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर तेल अडून बसतं. सायकलचा पंप तोंड दाबून मारून बघा, थोडी कल्पना येईल. या झगड्यात धक्क्याची शक्ती तेलाच्या उष्णतेत बदलते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. म्हणूनच जुने मिस्त्री एक साधी परीक्षा करत: खराब रस्त्यावरून आल्याबरोबर चारही शॉकअपजवळ सांभाळून हात न्यायचा. जो गरम आहे तो काम करतोय. तीन गरम आणि एक थंड असेल, तर थंड असलेला मेला. मला ही परीक्षा फार आवडते. जो धक्के सोसतो तो तापतो.

आता जीप. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने एका हलक्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीसाठी कंपन्यांना विचारणा केली. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला, पण मोठं उत्पादन केलं विलीज आणि फोर्ड यांनी. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच, चारही बाजूंना कमानपाटे, आणि नळीचे तेलाचे शॉकअप. ही गाडी सैनिकासाठी होती. सैनिक तरुण असतो, तो तक्रार करत नाही, आणि केली तरी कोण ऐकतं? (हशा)

२ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, माझगावला, सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे कांदिवलीला मोठा कारखाना झाला. विरार लोकलमध्ये सकाळी कांदिवलीला उतरणारी माणसं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. १९६१ साली गॅब्रिएल इंडिया ही शॉकअप बनवणारी कंपनी निघाली, तिचा कारखाना मुलुंडला. म्हणजे बघा, जीप पश्चिम रेल्वेवर आणि तिचे शॉकअप मध्य रेल्वेवर!

अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे त्याचाच वंश पुढे कितीतरी वर्षं चालला. का? कारण इथे ही गाडी हौसेची नव्हती. तहसीलदाराची होती, वनखात्याची होती, आरोग्य केंद्राची होती, निवडणुकीची होती. आणि सगळ्यात जास्त, शेअर जीपची होती. विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे जुन्या कमांडर जीपमधून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना मी वेगळं काय सांगू? पुढे ड्रायव्हरसकट चार, मधे पाच, मागे समोरासमोर बाकांवर आठ, आणि पायरीवर लटकलेले मोजायचेच नाहीत. देशावर याला वडाप म्हणतात.

आता माझा मुद्दा. हादरा गाडीत सगळ्यांना सारखा बसत नाही. दोन्ही आसांच्या मधोमध बसलेल्याला तो कमी जाणवतो. मागच्या आसावर किंवा त्याच्याही मागे बसलेल्याला सगळ्यात जास्त. आणि मागे कोण बसायचं? साहेब पुढे. ड्रायव्हर पुढे. ज्याच्या हातात दुरुस्तीचे पैसे तो पुढे. शॉकअप गेलाय की नाही हे ठरवणारा माणूस आणि तो गेल्याचं दुखणं सोसणारा माणूस, हे एकाच गाडीत, सहा फुटांवर बसलेले दोन वेगळे लोक आहेत. तत्त्वज्ञानात आम्ही दुसऱ्याच्या वेदनेचं ज्ञान होतं का, या प्रश्नावर वर्गात तासन्‌तास घालवले. त्याचं उत्तर मला ग्रंथात मिळालं नाही. आमच्या जीपमध्ये मिळालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस. आई वाडीत विहिरीजवळ घसरली, खुब्याचं हाड मोडलं. दादाने जीपची मागची बाकं उचलली, गादी टाकली, आईला निजवलं. मी तिच्याजवळ बसलो. त्याच महिन्यात दादाने पुढचे दोन शॉकअप नवे टाकले होते. मागचे टाकले नव्हते. "पुढच्या सीझनला बघू, मागे काय, टोपल्याच तर असतात," असं तो म्हणाला होता, आणि मीही मान डोलावली होती. वाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत दीड-दोन किलोमीटर. दादा अगदी हळू चालवत होता. पुढे त्याला गाडी ठीक वाटत होती. मागे प्रत्येक खड्डा तीनदा बसत होता. आईने तोंडातून शब्द काढला नाही. पत्र्याची कड धरलेली तिची बोटं तेवढी पांढरी पडलेली मी बघत होतो. मी दोनदा ओरडलो, "दादा, हळू!" तो म्हणाला, "अरे, हळूच चालवतोय की!" दोघंही खरं बोलत होतो.

आई बरी झाली, पुढे बरीच वर्षं जगली. पण दादाने त्याच आठवड्यात मागचे शॉकअप बदलले. नवीन टाकल्यावर तो स्वतः मागे आडवा झाला आणि मला म्हणाला, "तू चालव, मोठ्या रस्त्यापर्यंत." मला धड चालवता येत नव्हती. तरी नेली. परत आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता पुतण्याचा वाद. त्याला उंच, कडक, गॅस भरलेले शॉकअप हवे आहेत, डोंगरात जायला. मी त्याला नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी मोजू. आमच्या मिस्त्रीने आणि मी मिळून जे शिकलो ते तुम्हाला क्रमाने सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिलं. शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन कमानपाटे उचलतात. गाडी मागे बसली असेल तर पाटे बघा. शॉकअप बदलून ती वर येणार नाही. पुष्कळ लोक इथेच पैसे घालवतात.

दुसरं. लांबी. शॉकअपला दोन लांब्या असतात, पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली. चाक पूर्ण वर जाऊन रबरी ठोकळ्याला टेकतं तेव्हा वरच्या आणि खालच्या खुंटीतलं अंतर मोजा. मिटलेला शॉकअप त्याहून लहान हवा. चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हाचं अंतर मोजा. उघडलेला शॉकअप त्याहून मोठा हवा. म्हणजे दोन्हीकडे शॉकअप हा शेवटचा अडथळा होता कामा नये. दादाने एकदा एका दुकानदाराच्या भरवशावर लांब शॉकअप बसवले होते. दिसायला झकास. मनोरच्या पुढे एका खड्ड्यात शॉकअप ठोकळ्याच्या आधी मिटला आणि खालची खुंटीच वाकली. रात्र रस्त्यावर काढली.

तिसरं. बोजा. जीपचे पाटे भरलेल्या गाडीसाठी कडक केलेले असतात. रिकामी जीप उडते ती मुख्यतः त्यामुळे. तुम्ही बहुतेक वेळा किती माणसं, किती माल नेता, तो विचार करून शॉकअप घ्या. पाटे कडक आणि त्यावर शॉकअपही अति कडक, तर हादरा शोषला जाण्याऐवजी सरळ माणसांत जातो. आपण पुन्हा बैलगाडीत!

चौथं. प्रकार. साधा दुहेरी नळीचा तेलाचा शॉकअप स्वस्त, आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी बहुधा चालत राहतो. लांब खडकाळ रस्त्यावर मात्र तेल तापतं, त्याला फेस येतो आणि तो ढिला पडतो. म्हणून गॅसचा दाब देतात. एकेरी नळीचा गॅस शॉकअप १९५० च्या दशकात द कार्बोन या फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेतून आला. तो थंड राहतो, चोख काम करतो, पण त्याच नळीत दट्ट्या फिरत असल्यामुळे दगडाचा एक पोचा त्याला अडवू शकतो. तुंगारेश्वरसारख्या दगडगोट्यांच्या वाटेवर हे लक्षात ठेवा. मोठ्या रस्त्यावर एखादा खड्डा, यासाठी दोन्ही चालतात.

पाचवं. जोडीने बदला. डावा गेला तर उजवाही. आणि पुढचे बदललेत तर मागचेही नीट तपासा. हे मी का सांगतो ते तुम्हाला कळलंय.

बसवताना घाई नको. सपाट जागा, दुसऱ्या टोकाच्या चाकांना ओट. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली भक्कम स्टँड लावा आणि आसालाही आधार द्या, नाहीतर शॉकअप सुटताच आस खाली झोल खाते आणि ब्रेकची नळी ताणली जाते. आमच्या वसईच्या खाऱ्या हवेत नट गंजून बसतात. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा. दुहेरी नळीचा नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडवा पडून आतल्या नळीत हवा शिरलेली असते, ती निघते. जुने रबरी बूश पुन्हा वापरू नका. आणि शेवटचा आवळा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना द्या. चाक लोंबत असताना आवळलात तर बूश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. दोन-तीनशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावून बघा.

आता काळ बदलला. २०१० च्या थारच्या काही प्रकारांना पुढे कमानपाटे राहिले नाहीत, मागे होते. २०२० च्या थारला मागेही गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. गाडी खूपच सुखाची झाली. पुढची सीट तर दिवाणखान्यासारखी. आमच्याकडच्या पाड्यांवरून गरोदर बाईला दवाखान्यात आणणारी गाडी मात्र अजून बऱ्याचदा जुनीच असते, आणि ती बाई मागेच असते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. रस्त्यांबद्दल तेव्हापासून पुष्कळ बोललं गेलं. मी रस्त्याचा जाणकार नाही. पण रस्ता कसा आहे हे विचारायचं असेल तर पुढे बसलेल्याला विचारू नये, एवढं मला नक्की कळतं.

वादाचं काय झालं, ते सांगून थांबतो. पुतण्याने अंतरं मोजली. त्याला हवे असलेले शॉकअप दीड इंच लांब निघाले. तो नाराज झाला, मग हसला. आता मूळ लांबीचे, दुहेरी नळीचे, मध्यम कडक, चारही एकदम घेतोय. पैसे पुढच्या महिन्यात जमतील म्हणाला, तोवर गाडी उभी. मी त्याला एकच अट घातली आहे. बसवून झाले की पहिली फेरी त्याने मागच्या बाकावर बसून मारायची. चालवायला मिस्त्री.

त्याने विचारलं, "काका, तुम्ही कुठे बसणार?"

मी म्हटलं, तुझ्या शेजारी. माझं एक ऋण राहिलंय तिथलं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त कुठल्या कंपनीचा घ्यावा, एवढं विचारू नका. (हशा)